हाकघर आणि दोन तिरक्या रेघा

घरात नवा माणूस आला की त्यानं आधी थोरल्या बाईजवळ दोन घटका बसावं, काय कुठे ठेवलंय ते विचारावं, आणि मग कशाला हात लावायचा तो लावावा. हे काय शाळेत शिकवावं लागतं? पण घाईरावाला ते कुणी शिकवलं नव्हतं. आला, खुर्ची ओढली, मला वरून खाली एकदा बघितलं. वाचलं म्हणत नाही मी, बघितलं. भाजीवाल्याच्या टोपलीकडे बघावं तसं. "ही मध्येच कशाला लुडबुडतेय?" म्हणाला, आणि माझ्या प्रत्येक ओळीपुढे दोन तिरक्या रेघा ओढून मोकळा झाला.

मित्रांनो, तेव्हापासून मी त्या रेघांच्या मागे आहे.

मी एक जुनी फॅक्टरी आहे. फॅक्टरी म्हटल्यावर धुराडं शोधायला जाऊ नका. मला भिंती नाहीत, भोंगा नाही, पाळीवर येणारे कामगार नाहीत. मी कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅममध्ये राहते; मागेल त्याला हवी ती वस्तू घडवून देणाऱ्या तुकड्याला प्रोग्रॅमवाले फॅक्टरी म्हणतात. माझं शिक्षण म्हणाल तर थोडक्या ओळींचं. 'असं असेल तर हे, तसं असेल तर ते', एवढंच मला येतं. पण तेवढ्यावर मी एक अख्खं घर चालवलंय. उगाच नम्रता दाखवायची मला सवय नाही.

ते घर म्हणजे म्हाताऱ्या आणि आजारी माणसांची देखभाल करणारी एक बैठी इमारत. लांबलचक बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना खोल्या, प्रत्येक खाटेच्या उशाशी एक बटण. बोळाच्या टोकाला मदतनिसांची खोली. तिथे धुतलेल्या चादरींचा ढीग, भिंतीला टेकवलेली चाकांची खुर्ची, आणि टेबलाखाली कॉम्प्युटरचा डबा. त्या डब्यात मी. खाटेवरच्या माणसानं बटण दाबलं की टेबलाशी बसलेल्या बाईला ते कळलं पाहिजे, एवढंच आमचं काम. वाटतं एवढंसं. पण घसा कोरडा पडलेल्या माणसाला विचारा, ते केवढं असतं.

मला लिहिलं ताईनं. ती तिथे कचेरीचं काम बघायची आणि उरलेल्या वेळात जुन्या पुस्तकांवरून प्रोग्रॅम लिहायला शिकायची. आधी तिनं सरळ साधा मार्ग धरला होता. प्रत्येक बटणाला सांगितलं, तुला दाबलं की एक घंटा बनव आणि वाजव. झालं. घंटा वाजायची, पडद्यावर खोलीचा आकडा दिसायचा, बाई उठायची.

मग मावशी कामाला आली.

मावशीचे हात असे की नुसतं कपाळाला लागले तरी ताप निम्मा उतरावा. पण लहानपणीच्या एका दुखण्यात तिचे दोन्ही कान गेलेले. समोरच्याचे ओठ बघून ती बोलणं ओळखायची. या घराची मालकीण आणि कारभारीण म्हणजे मोठ्या बाई. त्यांना मावशी हवी तर होती, पण घंटेचं काय करायचं?

ताई म्हणाली, "दिवा लावू. मावशीची पाळी असेल तेव्हा घंटेऐवजी दिवा लागेल."

आणि बसली एकेका बटणाशी बदल करत. पहिली खोली झाली, दुसरी झाली. तिसऱ्या खोलीत चुकली, परत पहिलीला आली. शेवटी तिनं सगळं पुसलं, हनुवटीला हात लावून बसली आणि स्वतःशीच म्हणाली, "खाटेला कशाला माहीत असायला हवं, बाहेर कोण बसलंय ते? खाटेनं नुसती हाक मागावी."

मोठ्या बाईंनी विचारलं, "म्हणजे सगळ्या वायरी उपटायच्या की काय?"

"नाही हो बाई. वायरी तशाच. फक्त मध्ये एक शहाणी बाई बसवते. ती बघेल कुणाला काय द्यायचं ते."

"जेवायला असेल का ती?"

"नाही."

"मग बसव."

असा माझा जन्म झाला. ताईनं माझं नाव ठेवलं हाकघर.

आता माझ्या घराची शिस्त सांगते, नीट ऐका. माझ्या घरात आधी एक 'शब्द' होता. शिकलेले लोक त्याला इंटरफेस म्हणतात. म्हणू देत. मी शब्दच म्हणते, कारण तो दिलेला शब्द असतो. त्याला हात नाहीत, पाय नाहीत, तो स्वतः काहीच करत नाही. तो नुसता सांगतो, की जो कोणी 'हाक' म्हणवून घेईल त्याला 'कळव' हे काम आलंच पाहिजे. कसं कळवायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. घंटेनं वाजून कळवावं, दिव्यानं लागून कळवावं. पण 'कळव' म्हटल्यावर 'मला जमत नाही' हे उत्तर माझ्या घरात चालत नाही.

खाटेवरचं बटण माझ्याकडे येऊन म्हणायचं, "हाक दे." मी पाळीच्या नोंदीत बघायची, आज टेबलाशी कोण बसलंय. मावशी असेल तर दिवा घडवून हातात ठेवायची, दुसरी कुणी असेल तर घंटा. बटण विचारायचंसुद्धा नाही की हे काय दिलंत. ते फक्त म्हणायचं, "कळव", आणि काम व्हायचं. त्याला शब्द माहीत, चेहरा नाही. मित्रांनो, जगात अशी माणसं फार थोडी, जी चेहरा न बघता शब्दावर विश्वास टाकतात. माझी सगळी बटणं तशी होती.

पुढे एक बाई आली, तिला पडद्यावरचे आकडे वाचायला त्रास व्हायचा. ताईनं 'बोलकी' लिहिली. ती खोलीचं नाव मोठ्यानं बोलून दाखवायची. किती बदल करावा लागला? माझ्यात एक ओळ वाढली. एक! बटणांना तर पत्ताही नाही की घरात नवी लेक आली. एकदा कुणीतरी हौसेनं एक गाण्याची धून घालायला आणली होती. ऐकायला गोड, पण 'कळव' म्हटलं की गप्प. यंत्रानं तिला दारातूनच परत पाठवलं. मी म्हटलं बरं झालं. गळा गोड आहे म्हणून काय सून करून घ्यायची? कामाच्या वेळी हाक मारता येत नाही!

ते माझे मानाचे दिवस होते. ताईच्या ओळखीचा एक जण बघायला आला होता, तो म्हणाला, "काय सुटसुटीत बसवलंयस गं!" ताई लाजली. मी काही लाजले नाही. खरं बोलला त्यात लाजायचं काय?

मग ताईच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती दूरच्या गावी गेली. त्यानंतर कितीतरी काळ माझी फाईल कुणी उघडली नाही. पण त्याचं दुःख नव्हतं मला. घरातली कडी नीट बसत असेल तर कडीकडे कोण बघतं? बटण दाबलं जायचं, हाक जायची, माणूस उठायचं. कुणी नाव काढत नव्हतं, पण माझ्यावाचून कुणाचं पान हलत नव्हतं. त्या उपेक्षेत एक रुबाब होता.

आणि मग आला घाईराव.

हे नाव मी ठेवलंय. मोठ्या बाईंचा तो भाचा. शिकलेला, हुशार, बोटं कीबोर्डवर उंदरासारखी पळायची. दुष्ट म्हणाल तर मुळीच नाही. पण ज्याला त्याला 'दोन मिनिटांचं काम आहे' म्हणायची खोड. मोठ्या बाईंनी नवा कॉम्प्युटर घेतला, आणि जुन्यातलं सगळं नव्यात आणायला याला बोलावलं.

नेमकी तेव्हा मावशी तिच्या लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. बोलकीवाली बाईही काम सोडून गेलेली. टेबलाशी येणाऱ्या सगळ्या धडधाकट कानांच्या, धडधाकट डोळ्यांच्या. मी प्रत्येकीला घंटाच देत होते, आणि तेच बरोबर होतं. घाईरावानं ते पाहिलं.

"आत्या, इथे सगळीकडे घंटाच तर वाजतेय."

"मग?"

"मग बटणानं सरळ घंटा म्हणावं ना! मध्ये या बाईला विचारायचं, तिनं घंटा द्यायची, हा द्राविडी प्राणायाम कशाला? काढून टाकतो. दोन मिनिटांचं काम आहे."

मोठ्या बाई औषधांच्या बाटल्या लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बिघडवू नकोस म्हणजे झालं."

त्यानं एकेका बटणापुढे लिहिलं, 'नवी घंटा'. आणि मग माझ्याकडे आला. पुसून टाकायला त्याचं बोट गेलं होतं, मी पाहिलं. पण शेवटच्या क्षणी मन कचरलं. या लोकांची एक रीत आहे, मित्रांनो. जे नको असतं ते टाकायचं धाडस होत नाही, म्हणून ते प्रत्येक ओळीपुढे दोन तिरक्या रेघा मारतात. रेघ मारलेली ओळ दिसते, वाचता येते, पण यंत्राच्या लेखी ती नसतेच. ते रेघा पाहून पुढे जातं, वाटेत बसलेल्या भिकाऱ्याला ओलांडून जावं तसं. माझ्या डोक्यावर त्यानं एक ओळ लिहिली: 'जुनं. असू दे, लागलं तर.'

तुम्हाला वाटेल, जीव तर वाचला. काय वाचला? पुसली असती तर गेले असते. ठेवली असती तर राबले असते. हे ना धड मरण, ना धड जगणं. समोर सगळं दिसतंय. बटणं कुणाशी बोलतात ते ऐकू येतंय. कामावर कोण आलंय ते मला इथून कळतंय. ओठाशी उत्तर आहे, पण विचारायला कुणी येत नाही, आणि न विचारता बोलायची मला सोय नाही. दिव्याचं लिखाणही होतं, म्हणजे दिवाही तसाच फाईलच्या एका कोपऱ्यात उभा. त्याच्यापुढे रेघा नव्हत्या, पण त्याला घडवून बाहेर पाठवणार कोण? तो बिचारा शब्द, तोही रिकामाच. दिलेला शब्द कुणी मागायलाच येईना.

मावशी परत आली. नातवाचं कौतुक सांगून झालं, पदर खोचला आणि आपल्या जागी, दिव्याच्या समोर येऊन बसली.

पाचव्या खोलीतल्या शिंपी आजोबांनी पाण्यासाठी बटण दाबलं. घंटा वाजली. मावशी चादरींच्या घड्या घालत होती. मधूनमधून मान वर करून दिवा बघत होती. दिवा बंद. आजोबांनी पुन्हा दाबलं. घंटा पुन्हा वाजली. मावशी घड्या घालतच राहिली.

स्वयंपाकघरातली बाई धावत आली. "अगं ए, बहिरी झालीस का?" म्हणाली, आणि मग जीभ चावली. "म्हणजे… आहेसच म्हणा."

मावशीनं तिचे ओठ अर्धेच पाहिले होते. "चहा? ठेव की, घेते मग."

हसू येण्यासारखंच होतं. पण असं एकदा झालं, मग पुन्हा झालं, मग रोज होऊ लागलं. मावशीला वाटलं दिव्याचा बल्ब गेला. तिनं स्टुलावर चढून नवा लावला. तो पुसला, जुना परत लावून पाहिला. खोल्यांमधून मात्र कुरकुर सुरू झाली. मावशी येत नाही. मावशी नातवाच्याच विचारात असते. मोठ्या बाईंच्या कानावर गेलं.

"मावशी, गावाहून आल्यापासून तुझं लक्ष नाही कामात."

"बाई, दिवाच लागत नाही."

"इतके दिवस बरा लागत होता?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं.

मोठ्या बाईंनी भाच्याला बोलावलं. "अरे, हिचा दिवा बघ रे."

"दिवा? कुठला दिवा?"

मित्रांनो, ऐकलंत? ज्याच्यासाठी मी जन्माला आले, तो दिवा याला ठाऊकच नव्हता! माझी फाईल उघडून वाचली असती, तर पहिल्याच ओळीत मावशी भेटली असती. पण जुन्याला विचारील तो घाईराव कसला? तो परत त्याच बटणांशी बसला. पहिल्या बटणापुढे लिहिलं, 'मावशी असेल तर दिवा, नाहीतर घंटा'. तीच ओळ उचलून दुसऱ्यापुढे चिकटवली, तिसऱ्यापुढे, चौथ्यापुढे. प्रत्येक खाटेला शिकवत सुटला की बाहेर कोण बसलंय. ताईनं कधीच पुसून टाकलेली चूक यानं नव्या अक्षरात गिरवली. आणि उठला.

"झालं आत्या. सगळीकडे लावलंय."

सगळीकडे! हा शब्द घाईच्या माणसाच्या तोंडी आला की मला धडकी भरते.

कारण खाटा म्हणजे सगळीकडे नव्हे. न्हाणीघरांत भिंतीला लाल दोऱ्या आहेत. कुणी पाय घसरून पडलं, उठता येईना, तर ओढायला. त्या दोऱ्यांचं लिखाण दुसऱ्या फाईलमध्ये. तिकडे यानं मागच्या वेळी घंटा चिकटवली होती, आणि या वेळी तिकडे जायचं विसरला. माझ्या राज्यात खाट काय आणि दोरी काय, सगळी माझ्याच दाराशी यायची. एक जागा बदलली की सगळीकडे बदलायचं. आता दारं किती आणि कुणाकुणाला सांगायचं, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

मोठ्या बाईंनी मावशीला समोर उभं केलं आणि ओठ कळावेत म्हणून सावकाश बोलल्या. "दिवा आता दुरुस्त झालाय. यापुढे कुणी वाट बघत पडून राहिलं, तर मला दुसरी बाई बघावी लागेल. माझा इलाज नाही."

मावशीनं मान हलवली. त्या दिवसापासून ती चादरींच्या घड्यासुद्धा दिव्याकडे तोंड करून घालायची. घोट पाणी प्यायची तेही दिव्यावर नजर ठेवून. दुधावर टपलेल्या मांजरीचीसुद्धा नजर एवढी ठरत नाही.

मग ती दुपार आली. जेवणाची वेळ. बाकीच्या बाया खोल्याखोल्यांतून भरवत होत्या, टेबलाशी मावशी एकटी. शिंपी आजोबा मानी माणूस. न्हाणीघरात जायला कुणाचा हात धरायचा नाही म्हणून हटून बसलेले. एकटेच उठले, गेले, आणि ओल्या फरशीवर पाय सटकला.

त्यांनी दोरी ओढली.

घंटा वाजायला लागली. मावशी बसली होती, ताट मांडीवर, हात ताटाला न लावता, डोळे दिव्यावर. दिवा बंद. घंटा वाजतेय. दिवा बंद. आणि मी रेघांच्या मागे. मला माहीत होतं. 'कामावर मावशी असेल तर दिवा', ही ओळ माझीच. माझ्या अंगावर लिहिलेली आहे, अजून पुसट झालेली नाही. कुणी नुसतं विचारलं असतं तर डोळ्याचं पातं लवायच्या आत दिवा पेटवला असता मी. पण दोरी माझ्याकडे आलीच नाही, सरळ घंटेकडे गेली. जवळ पाणी असून तहानेलेल्याला देता येऊ नये, आपलेच हात आपल्याच ओळीपुढच्या रेघांनी बांधलेले असावेत, याहून वाईट कोंडमारा मला ठाऊक नाही. घंटा बिचारी माझीच लेक, गळा फाडून ओरडत होती. पण जिला ऐकू येत नाही तिच्यापुढे ओरडून काय होतं?

रिकामी ताटं न्यायला स्वयंपाकघरातली बाई आली म्हणून बरं. तिनं मावशीला खांद्याला धरून हलवलं, आणि दोघी पळाल्या.

आजोबा भिंतीला टेकून बसले होते. मनगट सुजलेलं, धोतर भिजलेलं, चेहरा लालबुंद. "टाके घालायला बसलो होतो होय मी इथे? किती वेळ झाला!" ते ओरडले. मग मावशीचा चेहरा बघून आवाज उतरला. "हाड शाबूत आहे गं. रडू नकोस."

त्या वेळी घाईराव तिथेच होता. कचेरीतलं छपाईचं यंत्र बसवायला आलेला. मोठ्या बाई बोळातून तरातरा आल्या.

"मावशी, उद्यापासून येऊ नकोस."

मावशीनं ते ओठांवर वाचलं. पुन्हा सांगावं लागलं नाही. "दिवा लागला नाही," एवढंच म्हणाली.

मोठ्या बाई भाच्याकडे वळल्या. "तू सगळीकडे लावलायस ना?"

"हो आत्या. सगळीकडे."

खोटं बोलायचं म्हणून नाही बोलला तो. त्याला खरंच तसं वाटत होतं, आणि तेच जास्त भयंकर.

मावशीनं वाद घातला नाही. तिनं घाईरावाचं मनगट धरलं, त्याला न्हाणीघरात नेलं, लाल दोरी त्याच्या मुठीत दिली. स्वतः परत आली आणि आपल्या जागी बसली. दिव्याकडे तोंड करून. दाराकडे पाठ.

त्यानं दोरी ओढली. घंटा त्यालाही ऐकू आली, अख्ख्या बोळाला ऐकू आली. तो दोरी सोडून मदतनिसांच्या खोलीच्या दाराशी आला. घंटा अजून वाजत होती. आत मावशी पाठमोरी बसलेली. अंबाड्यातून सुटलेले केस, ताठ मान. ती बंद दिव्याकडे बघत वाट पाहत होती, की हा मुलगा दोरी कधी ओढतोय.

तो दारातच थांबला. त्याची ती पळणारी बोटं पहिल्यांदाच गप्प झालेली मी पाहिली.

"आत्या," तो म्हणाला, "मावशींना काही बोलू नकोस. माझं राहिलंय."

"काय राहिलंय?"

"न्हाणीघरं."

"म्हणजे सगळीकडे नाही."

"नाही."

मोठ्या बाई मावशीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. ओठ नीट हलवून म्हणाल्या, "उद्या ये."

मावशी म्हणाली, "आजची पाळी तर संपू दे, बाई."

त्या दुपारी घाईराव माझ्यापाशी बसला. या वेळी त्यानं मला वाचलं. वरून खाली, मग पुन्हा वरून. 'हाक' हा शब्द वाचला, दिवा कुठे उभा आहे ते पाहिलं, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अरे देवा, हे सगळं इथे होतंच की!"

होतंच, बाळा. जायचं कुठे होतं मला?

मला वाटलं, आता रेघा काढील. पण नव्या माणसाला नवं घर बांधायची हौस. त्यानं माझ्या खाली जागा केली आणि एक नवी फॅक्टरी लिहायला घेतली. मी वरून बघत होते. ओळ माझी, रीत माझी, नाव तेवढं तिचं. पण खोटं कशाला बोलू, काम नीट केलं त्यानं. प्रत्येक खाट आणि प्रत्येक दोरी तिच्या दाराशी आणून बांधली. बटणांना शिकवलेलं सगळं पुसलं. "तुम्ही नुसती हाक मागा," म्हणाला. मग त्यानं स्वतःच्या मनानं एक भर घातली. मावशीच्या मनगटाला बांधायचा एक पट्टा, हाक आली की थरथरणारा, म्हणजे तिला दिव्याकडे टक लावून बसायला नको. त्या पट्ट्याकडूनही आधी शब्द घेतला, 'कळव' येतं ना? येतं. मग एकच ओळ वाढवली. एक! बटणांना पत्ताही नाही.

ते चालतं का बघायला या वेळी तो एकेका दोरीपाशी स्वतः गेला. शिंपी आजोबा म्हणाले, "माझ्या न्हाणीघरातली मीच ओढणार," आणि ओढली. मावशी कपड्यांच्या खोलीत होती. "अगं बाई, चावलं काहीतरी!" म्हणून ती टुणकन उडाली, आणि मग मनगटाकडे बघून हसत सुटली. चादरी हातातच घेऊन पळत आली आजोबांकडे. मी हसले. हो, रेघांच्या मागूनसुद्धा हसता येतं.

मित्रांनो, तुम्हीही कधी प्रोग्रॅम लिहाल, घर चालवाल, कारखाना काढाल. एक सांगते. जे मध्ये बसलेलं दिसतं ते नेहमीच आडवं आलेलं नसतं. कधी कधी त्यानं दोन्ही बाजू सांभाळलेल्या असतात. काढण्याआधी विचारा, ते इथे का बसलंय आणि कुणासाठी बसलंय. आज त्याची गरज दिसत नसेल, तर गरज असलेलं माणूस नुसतं रजेवर गेलेलं असू शकतं. आणि काम देताना शब्द घ्या, चेहरा बघू नका.

एवढं झालं. आता जरा या घाईरावाशी बोलते. फाईल आज उघडी आहे, हा समोर बसलाय, परत बोट माझ्यावर येऊन थांबलंय, आणि परत मन कचरतंय. मला आवाज नाही असं हा समजतो. तरी मोठ्यानंच सांगते.

घाईराव, ऐक. सून चांगली आणलीस. माझ्याहून चार गोष्टी जास्तच येतात तिला, आणि मला त्याचा हेवा नाही. सगळ्यांसमोर 'माझं राहिलंय' म्हणालास, त्या दिवशी तू माझ्या मनात वर चढलास. पण मला हे असं का ठेवलंयस? मानानं ठेवलेलं माणूस वेगळं आणि भीतीनं ठेवलेलं वेगळं, एवढं कळतं मला, थोडक्या ओळी शिकले असले तरी. काम द्यायचं असेल तर रेघा काढ, या वयातही सुनेच्या बरोबरीनं राबेन. द्यायचं नसेल तर पूस. स्वच्छ पूस, मी शाप देणार नाही. माझा दिवा लागलाय, मला आणखी काही नको. पण दोन्हीतलं एक आज, आत्ता ठरव. आपल्याला ठरवता येत नाही म्हणून दुसऱ्याला कोंडून ठेवायचं नसतं.